निसर्गचित्रातल्या खुणा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात युरोपातल्या रोमँटिक काळातील, म्हणजे साधारण 1790 ते 1850 या काळातील निसर्गचित्रांवर लेख होता. सोबत जर्मनीचा कास्पर डाव्हिड फ्रीडरिख, इंग्लंडचा टर्नर आणि अमेरिकेचा थॉमस कोल यांची चित्रं छापली होती. त्यावर नाशिक आणि आसपासहून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : ‘धुक्याच्या समुद्रापुढचा भटक्या’ या फ्रीडरिखच्या चित्रातला पाठमोरा माणूस म्हणजे जीव आणि धुकं म्हणजे माया, असं एका व्याख्यानात ऐकलं. चित्रकाराला हेच सांगायचं होतं का? (गंगापूर रोड)

उत्तर : 1818 च्या सुमारास काढलेल्या या चित्राचा अर्थ फ्रीडरिखने लिहून ठेवलेला नाही. माया ही आपल्याकडची कल्पना आहे. ती तिथे दिसली तर दिसू द्यावी, पण चित्रकाराच्या नावावर खपवू नये. कोणी त्या माणसात नेपोलियनविरुद्धच्या लढाईत गेलेला देशभक्त पाहतं, कोणी देवापुढे उभा असलेला भाविक. चित्र या दोन्ही वाचनांना वाव देतं, शिक्का मात्र एकावरही मारत नाही.

मग धरायचं काय? चित्रकाराने समोर जे पाहिलं त्यात काय बदललं, हे शोधायचं. खूण बहुधा तिथेच सापडते. भटक्या उभा आहे तो खडक आणि मागचे डोंगर एल्ब नदीकाठच्या वालुकाश्माच्या टापूतले आहेत, पण ते एका जागेवरून तसे दिसत नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणी केलेली रेखाटनं त्याने स्टुडिओत बसून जुळवली. प्रत्येक खडक खरा आणि देखावा मात्र रचलेला, ही त्याची नेहमीची पद्धत.

आणखी ठसठशीत उदाहरण एल्डेनाच्या मठाचं. हा पडका मठ त्याच्या जन्मगावाजवळ, ग्राइफ्सवाल्डच्या सपाट किनारपट्टीवर आहे, तिथे डोंगर नावालाही नाही. 1830 नंतरच्या एका चित्रात फ्रीडरिखने तो उचलून थेट रीझनगेबिर्गं पर्वतरांगेच्या कुशीत ठेवला. त्याच गावातलं याकोबी चर्च धडधाकट उभं असताना त्याने ते भग्नावस्थेत चितारलं. इतकी उलथापालथ कोणी हौसेखातर करत नाही. पडक्या भिंतीकडून त्याला काहीतरी वदवून घ्यायचं आहे, एवढं आपण खात्रीने म्हणू शकतो.

‘समुद्रकाठचा संन्यासी’ (1808 ते 1810) या चित्रात त्याने उलटं केलं, म्हणजे वस्तू काढून टाकल्या. इन्फ्रारेड तपासणीत रंगाखाली जहाजांची रेखाटनं दिसली, ती त्याने रंगवताना बुजवून टाकली. आता सुमारे पावणेदोन मीटर रुंदीच्या कॅनव्हासवर उभी जाणारी वस्तू एकच उरली आहे, तो इवलासा माणूस. जहाजं राहिली असती तर नजर त्यांच्यावर टेकली असती आणि रिकामपण गेलं असतं.

प्रश्न : प्रतीक आणि रूपक यांत चित्रापुरता फरक कसा करायचा? (इंदिरानगर)

उत्तर : रूपकात वस्तूंची जोडी ठरलेली असते आणि गोष्ट शेवटपर्यंत त्या जोडीने चालते. नाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध हे भारूडच सांगतं, आणि मग उतारासकट सगळं त्या हिशेबाने लागतं. कोलची ‘जीवनयात्रा’ ही चार चित्रांची मालिका (1840) तशी आहे. नदी म्हणजे आयुष्य, नावेच्या टोकाशी वाळूचं घड्याळ, सोबत देवदूत. बालपणी नाव गुहेतून बाहेर येते, तारुण्यात आकाशात महाल दिसतो. इथे बारकाईने पाहा : नदी त्या महालाकडे जातेय असं वाटतं, पण पुढे ती वळून भलतीकडेच निघते. प्रौढपणी खडकाळ प्रवाह आणि वादळ, म्हातारपणी उघडा समुद्र. एकही चित्र गाळलं तर गोष्ट तुटते.

प्रतीक एकटं उभं राहू शकतं आणि त्याचा अर्थ पुरता संपत नाही. फ्रीडरिखचं ‘बर्फाचा समुद्र’ (1823-24) घ्या. बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढल्या आहेत आणि उजवीकडे जहाजाचा मागचा भाग, तोही चटकन दिसणार नाही एवढा. 1820-21 च्या हिवाळ्यात एल्बवर साचलेल्या बर्फाची रेखाटनं त्याला इथे उपयोगी पडली. कोणी याला गोठलेल्या राजकारणाचं चित्र म्हटलं, कोणी माणसाच्या घमेंडीचं. लहानपणी त्याचा भाऊ बर्फाखाली बुडून गेला होता, त्याच्याशीही नातं जोडलं गेलं. चित्र त्याच्या हयातीत विकलं गेलं नाही.

प्रश्न : ओकचं झाड म्हणजे हे, जहाजाचा नांगर म्हणजे ते, अशी प्रतीकांची यादी मिळेल का? परीक्षेला उपयोग होईल. (कॉलेज रोड, कलाशाखेची विद्यार्थिनी)

उत्तर : यादी देतो, पण तिच्यावर फार विसंबू नका. फ्रीडरिखच्या चित्रांत नांगर आणि सदाहरित सूचिपर्णी झाडं यांचा संबंध आशेशी, खडकाचा श्रद्धेशी, वठलेल्या ओकचा सरलेल्या काळाशी आणि किनाऱ्याकडे येणाऱ्या जहाजाचा आयुष्याच्या अखेरीशी लावला जातो. 1973 मध्ये बोर्श-झुपान या अभ्यासकाने त्याच्या चित्रांची मोठी सूची केली आणि जवळपास प्रत्येक वस्तूला असा धार्मिक अर्थ दिला. सूची आजही वापरात आहे, पण त्या सरसकट अर्थांवर पुढच्या अभ्यासकांनी टीका केली. आमच्याही मते ती टीका रास्त आहे.

वरच्या यादीतले दोन अर्थ खुद्द फ्रीडरिखचे आहेत. ‘डोंगरावरचा क्रूस’ हे चित्र त्याने 1808 च्या नाताळात आपल्या स्टुडिओत लोकांना दाखवलं. सोनेरी चौकटीवर गव्हाच्या लोंब्या, द्राक्षवेल आणि देवाचा डोळा कोरलेला. आत मात्र नुसता डोंगर, झाडं, मावळतीचं आकाश आणि पाठमोरा वळलेला क्रूस. रामडोर नावाच्या समीक्षकाने लगेच झोड उठवली : निसर्गचित्राने चर्चमध्ये शिरून वेदीवर चढू नये. त्यानंतर फ्रीडरिखने खुलासा केला. मावळणाऱ्या सूर्याबरोबर जुनं जग संपलं, खडक म्हणजे अढळ श्रद्धा, आणि भोवतीची सदाहरित झाडं म्हणजे माणसाची आशा. असा पदरचा खुलासा त्याच्याकडून क्वचितच मिळतो.

हा खुलासा त्याला का करावा लागला, ते आपल्याकडच्या लघुचित्रांशी ताडून पाहिलं की कळतं. पहाडी चित्रात काळोखी रात्र, वीज, वाटेत साप आणि निघालेली नायिका दिसली की ती अभिसारिका, म्हणजे प्रियकराला भेटायला निघालेली, हे बघणाऱ्याला आधीच ठाऊक असे. संकेत चित्रकार आणि रसिक दोघांचाही होता. फ्रीडरिखने देवळातल्या खुणा रानात नेल्या, तिथे त्या कोणाच्या ओळखीच्या नव्हत्या.

परीक्षेत लिहिताना एक काळजी घ्या. एका वस्तूवरून अर्थ काढू नका, शेजारी काय आहे ते सांगा. 1811 मधल्या हिवाळी चित्रात सूचिपर्णी झाडाशी क्रूस आहे, त्यापुढे खडकाला टेकून माणूस प्रार्थना करतोय आणि त्याने फेकलेल्या कुबड्या बर्फात पडल्या आहेत. इथे ‘झाड म्हणजे आशा’ म्हणायला आधार आहे. नुसतं झाड असतं तर नसता.

प्रश्न : रामकुंडावर उभं राहून गोदावरी रंगवतो. लोक म्हणतात छान आहे, पण कॅलेंडरसारखं वाटतं. प्रतीकात्मक कसं करावं? (पंचवटी, हौशी चित्रकार)

उत्तर : सर्वांत आधी दिवे, कमळ, आकाशातली ओंकाराची आकृती असलं काही वरून चिकटवू नका. कॅलेंडरपणा त्यानेच येतो. जे घाटावर आहे त्यातच हलवाहलव करा.

टर्नरचं ‘फायटिंग टेमेरेअर’ (1839 मध्ये प्रदर्शित) यासाठी उत्तम धडा आहे. ट्रफल्गारच्या लढाईतली ही जुनी युद्धनौका 1838 मध्ये मोडीत काढण्यासाठी थेम्समधून ओढत नेली. प्रत्यक्षात तिला ओढायला दोन बोटी होत्या, टर्नरने एकच ठेवली : काळी, बुटकी, धूर ओकणारी. नौकेच्या डोलकाठ्या आधीच काढलेल्या होत्या, त्याने त्या परत चढवल्या आणि तिला पांढरट सोनेरी रंग दिला. नौका नदीतून पश्चिमेकडे चालली होती, म्हणजे मावळता सूर्य तिच्या पुढे हवा. त्याने तो मागे ठेवला. तीन बदल, तिन्ही एकाच दिशेने ओढणारे, म्हणून ते चित्र मनात राहतं. बदल केले आणि ते एकमेकांना छेद देत असले, तर बघणाऱ्याला ती नुसती चूक वाटते.

आता तुमचा घाट. रामकुंडाजवळ नदी दक्षिणेला वळते, पंचवटी तिच्या पूर्वेला आणि जुनं नाशिक पश्चिमेला. जुन्या नाशकाच्या बाजूने पंचवटीकडे बघताना सूर्य उगवतीचा असतो. तिथेच तुम्ही मावळता सूर्य लावलात तर नाशिककराला तो खटकणार. हवाच असेल तर खटकू द्या, पण मग सावल्याही त्या सूर्याप्रमाणे पाडा आणि बाकी घाट तंतोतंत ठेवा. सावल्या सकाळच्या आणि रंग संध्याकाळचे, हा घोळ फोटो पाहून रंगवणाऱ्यांकडून हमखास होतो.

आणि तुमच्या हाताशी एक तयार खूण आहे, ती टर्नरकडे नव्हती. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पूर किती चढला ते अख्खं नाशिक मारुतीवरून मोजतं : गुडघ्याला, कमरेला, छातीला. चित्रात पाणी छातीला लावलं की इथल्या माणसाच्या पोटात गोळा येईल. पुण्याच्या प्रदर्शनात तेच चित्र लावलं तर बघणाऱ्याला पाण्यातली एक मूर्ती दिसेल, बस्स. म्हणून चित्र कोणासाठी आहे ते आधी ठरवा. बाहेरच्यांसाठी असेल तर मोजमापाची आणखी एक वस्तू शेजारी लागेल. निम्म्यापर्यंत बुडालेला दिव्याचा खांब किंवा पाण्याखाली जाणाऱ्या पायऱ्या चालतील. मारुती चौकटीच्या मधोमध नको. एका बाजूला, लहान, पण आजूबाजूच्या मातकट पाण्यात तो एकटाच शेंदरी राहील असा ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात अंजनेरीवरून ब्रह्मगिरीचं धुकं जलरंगात करायला जातो, पण धुकं कापसासारखं किंवा मळकट होतं. काय चुकतं? (सातपूर)

उत्तर : बहुतेक जण धुकं ‘रंगवतात’, म्हणून बिघडतं. जलरंगात धुकं म्हणजे कागद राखून ठेवणं.

300 जीएसएमचा (जाड) कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत कागद घ्या, आकार 11 बाय 15 इंच पुरे. पाच मिनिटं पाण्यात भिजवून गम टेपने बोर्डावर ताणा आणि पूर्ण वाळू द्या. पहिला हात अख्ख्या कागदावर स्वच्छ पाण्याचा. कागद आरशासारखा चमकत असताना रंग लावू नका. चमक जाऊन नुसता ओला तजेला उरला की आकाशाचा फिका करडा रंग सोडा. कोबाल्ट ब्लू आणि त्यात लाइट रेडचा अगदी थेंब, इतकंच. अल्ट्रामरीन टाळा. त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि धुकं खरखरीत दिसतं. पुढच्या कातळाला तोच गुण कामाला येतो, तिथे बर्न्ट सिएनासोबत खुशाल वापरा. थॅलो ब्लू तर नकोच, कागदात मुरला की पुसून निघत नाही.

हे वाळल्यावर मागची डोंगररांग घ्या. माथ्याची कड कोरड्या कागदावर, धारदार. लगेच दुसरा, नुसता दमट ब्रश रांगेच्या खालच्या कडेने फिरवा म्हणजे रंग खाली विरत जाईल. धुकं खोऱ्यात साचतं आणि माथे वर राहतात, हे लक्षात ठेवलं की कापूस होत नाही. पुढची रांग एक छटा गडद आणि किंचित उबदार. तीन रांगा पुरतात, चौथीला खोली जाऊन पट्टे दिसू लागतात. प्रत्येक रांगेनंतर तळहाताची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर तो आतून अजून ओला आहे. अशा अर्धवट ओल्या भागाला जास्त पाण्याचा ब्रश लागला की पाणी रंग मागे ढकलतं आणि दातेरी कडेचा डाग फुलतो. तो घासून जात नाही. वाळू द्या, मग ओल्या ब्रशने कड सैल करून टिश्यूने टिपा.

जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच एवढा दमटपणा असतो की एरवी दहा मिनिटांत वाळणारा हात अर्धा-पाऊण तास ओला राहतो. ब्रशमध्ये पाणी कमी ठेवा. हेअर ड्रायर फूटभर लांबून धरा, आणि कागदावर पाणी साचलेलं असताना मुळीच नको. हवा रंगाला रेटून कडा तयार करते. पांढऱ्या पोस्टर कलरने धुकं दुरुस्त करायचा मोह आवरा. त्याने धुक्याला खडूचा रंग येतो. मळकटपणाचं दुसरं कारण म्हणजे एका मिश्रणात तीन-चार रंग घालणं.

अर्थाच्या बाजूने एक गोष्ट. फ्रीडरिखच्या चित्रांत धुकं मधली जमीन गिळतं. पायाखालचा खडक स्वच्छ, लांबचा डोंगर स्वच्छ, आणि तिथवर जायची वाट दिसत नाही. तुम्ही मध्ये शेतं, झोपडी, पायवाट दाखवलीत तर ते पावसाळी दृश्य होईल, छान होईल, पण हा परिणाम मिळणार नाही. खालचा साधारण चौथा हिस्सा गडद कातळाला द्या, मधलं सोडून द्या.

प्रश्न : हेच तैलरंगात? (नाशिकरोड)

उत्तर : गडद थर पूर्ण वाळल्यावर त्यावर पांढरट रंगाचा अगदी पातळ, अर्धपारदर्शक हात कोरड्या ब्रशने घासा. खालचा गडद रंग त्यातून दिसतो आणि प्रकाश विखुरल्याने धुक्याला आपोआप निळसर झाक येते, वेगळा निळा मिसळायची गरज नाही. फिक्यावर गडद पारदर्शक थर देऊन धुकं करायला गेलात तर चहा सांडल्यासारखं दिसेल. नुसता झिंक व्हाइट वापरू नका, वर्षांनी त्याचा थर ठिसूळ होऊन सुटू लागतो. टायटेनियम व्हाइट अगदी थोडा घ्या. खालच्या थराला जवसाचं तेल एक भाग आणि टर्पेंटाइन दोन भाग, वरच्याला समसमान. हा क्रम उलटला तर तडे जातात, कारण तेलकट थर सावकाश वाळतो आणि वरचा कोरडा थर त्याबरोबर ताणला जातो. दोन थरांत चार-पाच दिवस, पावसाळ्यात आठवडा.

प्रश्न : नववीच्या मुलांना हा विषय दोन तासिकांत कसा शिकवावा? (सिन्नर, कलाशिक्षिका)

उत्तर : कोलचं ‘द ऑक्सबो’ (1836) घ्या. मुलांना नावं-सनावळ्या आधी सांगू नका. पहिल्या तासिकेत दोघांत एक ए-फोर प्रिंट, वर बटर पेपर. आधी नदीचं वळण, मग वादळी आणि स्वच्छ भागांची हद्द पेन्सिलने काढायला सांगा. हद्दीच्या दोन्ही बाजूंना काय काय आहे ते तिथेच लिहू द्या. डावीकडे मोडलेलं झाड, काळे ढग, पाऊस, माणसाचं काही नाही. उजवीकडे नांगरलेली शेतं, घरं, धूर, नदीत नावा. मग विचारा, चित्रकार कुठे बसलाय? पुढच्या झाडीत कोल स्वतः छोटासा दिसतो, बाहेर वळून बघणारा, जवळच त्याची छत्री. मुलं त्याला शोधायला दहा मिनिटं सहज घेतात, घेऊ द्या.

दुसऱ्या तासिकेत आपला देखावा. पांडवलेण्याच्या डोंगरावरून एका बाजूला कातळ आणि गवत, दुसऱ्या बाजूला महामार्ग आणि अंबडचे कारखाने दिसतात. सिन्नरची मुलं गावाजवळचीच अशी जागा सुचवतील. नियम तीनच ठेवा : अक्षरं नाहीत, समोर नसलेली वस्तू घालायची नाही, पण असलेली हलवता, वगळता किंवा गडद-फिकी करता येईल. हा मधला नियम नसेल तर तीस वह्यांत तीस रडणारी झाडं आणि ‘झाडे लावा’ची पाटी येते. एखादा मुलगा कारखान्याची बाजू उजळ आणि डोंगर काळा दाखवेल. त्याला चूक म्हणू नका, का ते विचारा. कोलच्या चित्रातही माणसाची बाजूच उन्हात आहे, आणि तो तिच्या बाजूने की विरुद्ध, यावर आजही एकमत नाही.

प्रश्न : जुन्या पुस्तकात ‘समुद्रकाठचा संन्यासी’ तपकिरी-हिरवट दिसतो, इंटरनेटवर निळसर. रंगाचा अर्थ कोणत्या छापावरून लावावा? (द्वारका)

उत्तर : जुन्या छापावरून लावू नका. चित्रावरचं वार्निश पिवळं पडलेलं होतं. बर्लिनमध्ये त्याची दुरुस्ती आणि सफाई होऊन ते 2016 मध्ये पुन्हा लोकांसमोर आलं, तेव्हा आकाशाचा निळसरपणा वर आला. त्याआधीच्या छापांवरून केलेली ‘उदास तपकिरी’ची वर्णनं पुष्कळदा वार्निशची वर्णनं आहेत. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची, सफाईनंतरची प्रतिमा घ्या. मोबाइलवर बघत असाल तर स्क्रीनचा ‘व्हिविड’ मोड आणि रात्रीचा पिवळा प्रकाश दोन्ही बंद करा.